मेब्रीसाहेब मागून येताहेत

...आणि वर मलाच विचारतात हो, "बाई, कोणाबरोबर आलात?"

आता तुम्हीच सांगा, रविवारची दुपार, चार वाजलेत, लेनॉक्स अव्हेन्यूवर लख्ख ऊन पडलंय, चर्चमधून घरी निघालेल्या बायकांच्या टोप्या रस्ताभर फुललेल्या, आणि मी एकटी, काखेत वही, वहीत दोन पेन्सिली... दोन का, तर एक मोडते. माझ्या हातात पेन्सिल आली की ती मोडतेच... अशी 'पेलिकन' ह्या तळघरातल्या जॅझ क्लबच्या दारात उभी. ह्यात 'बरोबर' आला कुठून? नेवार्कहून बसनं आले. बसबरोबर आले म्हणू का?

दारावर सायरस. सायरस म्हणजे काय सांगू तुम्हाला... दार उघडं असलं तरी हा त्यात उभा राहिला की बंद! त्याच्या हातात पाहुण्यांची यादी. मी म्हटलं, "बघा ना, मेब्री नाव असेल." त्यानं अंगठा ओला केला, सावकाश पान उलटलं. पान एकच होतं, तरी उलटलं. "हं. श्री. एल. मेब्री. मासिकवाले. आहेत. पण ते कुठायत?"

"ते... म्हणजे ते मीच."

मागं रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. सायरस हसला नाही, त्यानं दयेनं बघितलं. ते जास्त वाईट. म्हणाला, "पोरी, गेल्या महिन्यात एकजण ट्रम्पेटवाल्या ट्रेडवेलची सख्खी बहीण म्हणून आत गेली. ट्रेडवेलला चार भाऊ आहेत. तेवढेच. खरं सांग, कोणाबरोबर आलीस?"

मी मुळात घाबरट. लहानपणी आमच्याकडं शेगडीवरची किटली शिट्टी मारायची तर मी टेबलाखाली जायची. मागं रांग, पुढं हा डोंगर... आणि माझ्या तोंडून गेलं, "मेब्रीसाहेबांबरोबर. ते मागून येताहेत."

"मग असं सांग ना! मेब्रीसाहेबांची मंडळी!" आणि दार उघडलं. म्हणजे सायरस बाजूला झाला.

ह्याला झाली दोन वर्षं. दोन वर्षं मी माझ्याच बरोबर आत जातेय आणि दोन वर्षं मी अजून पोचलेली नाही.

हे 'एल. मेब्री' प्रकरण कोणाचं, तर आमच्या संपादकांचं, स्लोकमसाहेबांचं. माझं नाव लिऑन्टीन. पहिला लेख घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "लिऑन्टीन... छान नाव आहे. पण लांब आहे हो. आमचा रकाना अरुंद असतो." मी बापडी मान डोलावली. घरी येऊन तोच अंक उघडला तर त्याच अरुंद रकान्यात थॅचर एलिंगवुड व्हिटलॉक, धाकटे, हे अख्खं नाव ऐसपैस पाय पसरून झोपलेलं! 'धाकटे'सकट!

हे व्हिटलॉक गोऱ्यांच्या वस्तीतले गोरे गृहस्थ. मोठे जाणकार. आम्हा काळ्या लोकांच्या संगीतावर त्यांनी तीन पुस्तकं लिहिलीत आणि तिन्हींत ते आम्हालाच समजावून सांगितलंय. 'पेलिकन'मध्ये ते बसतात बारपाशी, उंच स्टुलावर, वाजवणाऱ्यांकडं पाठ करून. मी एकदा वेटरला विचारलं, असे का बसतात? तर म्हणाला, "डोळ्यांनी कान विटाळतात म्हणतात ते." आणि मी कुठं बसते? खांबामागं. एकट्या बाईला पुढचं टेबल द्यायचं नाही, बरं दिसत नाही; मागचं द्यायचं नाही, वाईट दिसतं; म्हणून खांब. डावीकडं स्वयंपाकघराचं झुलतं दार, उजवीकडं खांब, मधे मी आणि माझं आल्याचं सरबत. मंचावरचा ट्रम्पेटवाला मला अर्धा दिसतो, ड्रमवाल्याची एक काठी दिसते, पियानो अजिबात नाही. म्हणजे बघा, पाठ करून बसणाऱ्या व्हिटलॉकांना काही दिसत नाही हे त्यांचं तत्त्वज्ञान, आणि मला काही दिसत नाही ही माझी पायरी!

त्यात मी दचकते. जॅझवर लिहिणारी बाई झांजेला दचकते, हे कोणाला सांगायचं? ड्रमवाल्यानं खाडकन झांज वाजवली की मी उडते, सरबत सांडतं, टिपणं भिजतात. माझे सगळे लेख पहिल्या पंधरा मिनिटांबद्दल फार तपशिलात असतात ते का, तर पुढचं सगळं वाहून गेलेलं असतं.

आई म्हणते, "चार वर्षं कॉलेजात घातलीस ती तळघरात बसायला? शाळेत लाग. शाळेला खिडक्या असतात." आईचा हा मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही.

पण आता जी गोष्ट सांगतेय त्या रविवारी मी वेगळ्याच धुंदीत होते हो! कारण मासिकाचं शेवटचं पान रिकामं झालं होतं. दर महिन्याचं, कायमचं सदर! ते लिहिणारे म्हातारबुवा मुलीकडं राहायला गेले आणि स्लोकमसाहेबांनी फोनवर सांगितलं, "मेब्री, ट्रेडवेलच्या पाचजणांच्या बँडवर लिही. चांगलं उतरलं तर पान तुझं. चुकलं तर..." आणि फोन ठेवला. चुकलं तर काय? चुकलं तर शाळा! खिडक्या!

म्हणून त्या दिवशी मी वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेली. झांज वाजली तरी चालेल.

दारात सायरस. "आलीस? साहेब?"

"मागून."

"तुला असं पुढं एकटीला पाठवतात हे बरं नाही हं. पण लिहितात बाकी झकास! सांग त्यांना, सायरस म्हणाला, माणसाला कान आहेत."

"सांगते," म्हटलं. आणि खरंच सांगते हो मी, घरी गेल्यावर, आरशात.

तर, ट्रेडवेलनं ट्रम्पेट तोंडाला लावला, सॅक्सोफोन सुरू झाला, बास सुरू झाला, ड्रम सुरू झाला, मी दचकले, आणि मग पियानो आला... आणि मी पेन्सिल खाली ठेवली. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, पियानोवर लूशस फेरिस. फेरिसच्या सगळ्या तबकड्या माझ्याकडं आहेत, एक तर इतकी झिजलीय की पलीकडची बाजू ऐकू येते. मला फेरिसचा डावा हात ठाऊक आहे. त्याला घाई असते. बसस्टॉपवर उभ्या माणसासारखा तो हात सारखा पुढं वाकून बघतो, आली का, आली का. आणि हा हात? ह्या हाताला मुळीच घाई नव्हती! हा हात म्हणत होता, बसा, सगळे बसा, कोणी कुठं जायचं नाही. असा हात मी लहानपणापासून ओळखते. रविवारी सकाळी अडीचशे माणसांना एका सुरात उभं करतो आणि एका सुरात खाली बसवतो, तो हा हात. चर्चमधला!

हा फेरिस नाही. हा बदलीवाला आहे!

आता बदलीवाला ही आमच्याकडं रोजची गोष्ट. एखाद्याला ताप आला, एखाद्याला दुसरीकडं बोलावलं, की तो आपल्या जागी कोणाला तरी पाठवतो. बँडच्या म्होरक्याला माहीत असतं, जाहिरात कोणी बदलत नाही, आणि ऐकणाऱ्यानं ओळखावं ही अपेक्षा. न ओळखून लिहिलं तर संपलं, दहा वर्षं प्रत्येक तळघरात तुमच्यावर हसतात. आणि ओळखलं असं वाटून लिहिलं आणि तो फेरिसच निघाला तर? मग वीस वर्षं!

मी उठले बघायला. खांबाला वळसा घातला, तोच झांज! मी वेटरवर, वेटरच्या हातातली कोंबडी तिसऱ्याच माणसाच्या मांडीवर. वेटर म्हणाला, "बाई, बसून घ्या हो, येतील तुमचे साहेब." बसले. पाठीमागून व्हिटलॉकांचा आवाज आला, बारवाल्याला सांगत होते, "आज फेरिस पेटलाय! ऐकतोयस ना?" झालं! त्या पाठीला तीन पुस्तकांचा अनुभव. माझ्या कानाला काय, एक झिजकी तबकडी.

बरं, संपल्यावर गाठू म्हटलं, तर शेवटच्या टाळ्या थांबायच्या आत माणसं उठली, खुर्च्या सरकल्या, आणि त्या गडबडीत माझ्या टेबलाला खेटून एक बाई स्वयंपाकघराच्या दाराकडं निघाली. पांढरी टोपी, हातात हातमोजे, चर्चचे कपडे, अगदी माझ्या आईच्या वयाची. मला म्हणाली, "जाऊ देतेस का गं बाळ, सहाची प्रार्थना गाठायचीय." मी खुर्ची ओढली, आणि उगाच आपलं बोलायचं म्हणून, शपथेवर सांगते, उगाच... मी तिला विचारलं, "कोणाबरोबर आलात?"

तिनं एक हातमोजा चढवला. मग म्हणाली, "फेरिसबरोबर," आणि गेली.

मेले! बायको आलीय म्हणजे नवरा आलाय! म्हणजे पियानोवर फेरिसच! म्हणजे माझे कान...

घरी येऊन टाइपरायटरपुढं बसले. लिहिलं, 'फेरिसनं कमाल केली.' फाडलं. लिहिलं, 'पियानोवर जो कोणी होता तो फेरिस नव्हता.' फाडलं. आई दारातून म्हणाली, "शाळेत फळा असतो. पुसता येतं." शेवटी डोळे मिटले, तो डावा हात आठवला, आणि लिहिलंच. हा फेरिस नव्हता. आणि जो होता त्याच्यापुढं बाकीचे चारजण त्या दुपारी शहाण्या मुलांसारखे बसले होते. पाकिटात घातलं, धावत जाऊन पेटीत टाकलं आणि मग दहा मिनिटं पेटीत हात घालून ते बाहेर काढायचा प्रयत्न केला. निघत नाही हो. तुम्हीही करू नका.

मंगळवारी व्हिटलॉक त्यांच्या वर्तमानपत्रात छापून आले. 'फेरिसच्या डाव्या हातातली ती निर्विवाद पुरुषी ताकद!' आणि पाठोपाठ फोन. स्लोकमसाहेब. मी आधी घंटेला दचकले, मग आवाजाला.

"मेब्री! जाहिरात म्हणते फेरिस, व्हिटलॉक म्हणतात फेरिस, आणि तू म्हणतेस नाही. तू कुठं बसली होतीस?"

"खां... खांबामागं."

फोनवर शांतता. तुम्हाला सांगते, शांततेलासुद्धा मी दचकते.

"मग कोण होतं, ते सांग. गुरुवारी दुपारपर्यंत नाव दे, छापतो आणि पान तुझं. नाव नसेल तर तिथं फेरिस घालीन, आणि पान व्हिटलॉकांना विचारीन."

गुरुवारपर्यंत! मी मंगळवारचा उरलेला दिवस रडले, बुधवारी सकाळी हिंमत केली आणि फेरिसच्या घरी फोन लावला. उचलला बाईनं.

"फेरिससाहेब आहेत का?"

"कोण बोलतंय? कोणाबरोबर असतेस तू?"

बघा! फोनवरसुद्धा! पण तिचंही बरोबर आहे, पियानोवाल्याच्या घरी तरुण बाईचा फोन आला तर बायको काय वर्तमान विचारील? मी चाचरत सगळं सांगितलं, मासिक, खांब, डावा हात, घाई, चर्च... 'चर्च' म्हटल्यावर पलीकडं काहीतरी पडलं.

"तू ती सरबतवाली का गं? खांबापाशी बसलेली?"

"हो..."

"अगं, तूच मला विचारलंस ना, कोणाबरोबर आलात म्हणून!"

आणि ती हसायला लागली. इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "लूशसची दाढ शनिवारपासून सुजलीय, तोंड कलिंगडाएवढं झालंय. बदलीवाला मिळेना. मग म्हटलं, तू झोप, तुझी ओपल जाऊन येते; त्या उंच पियानोआड कोण बसलंय ते लोकांना कुठं दिसतंय? लग्नाच्या आधी त्याला डावा हात शिकवला कोणी? मीच! तेव्हाही घाईच करायचा मेला. आणि त्या पेपरवाल्यानं काय लिहिलंय वाचलंस का? पुरुषी ताकद! मी लूशसला वाचून दाखवलं तर हसायला गेला आणि दाढेनं कळवळला!"

म्हणजे... तुमच्या लक्षात येतंय ना? जिचा हात मी एवढ्या कौतुकानं ओळखला, ती पांढरी टोपी घालून माझ्या समोर उभी राहिली, आणि मी, दोन वर्षं ज्या प्रश्नानं रडकुंडीला आलेली मी, मी तिला विचारलं, कोणाबरोबर आलात! कान माझे चांगले आहेत हो. तोंडाचं काय करू?

म्हटलं, "बाईसाहेब, मला माफ करा. आणि मी तुमचं नाव छापते. ओपल फेरिस, मोठ्या अक्षरांत."

हसू एकदम थांबलं. "नको गं बाळ. सव्वीस वर्षं मी आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवतेय. रविवारी चार वाजता मी दारूच्या गुत्त्यात वाजवत होते हे कळलं, तर सहा वाजता तिथं दुसरं कोणीतरी बसलेलं असेल. तो ऑर्गन माझा आहे. तेवढा एकच माझा आहे. लिही आपलं लूशस. घर एकच आहे."

आता करा काय करायचं ते! नाव हातात आहे, खरं आहे, पान समोर आहे, आणि छापलं की एका बाईचा ऑर्गन जातो. फेरिस म्हणून छापलं तर माझे कान खोटे पडतात आणि तो हात कायमचा त्या कलिंगडाच्या नावावर चढतो. रात्रभर आई कूस बदलत म्हणत होती, "शाळेत एवढं नसतं."

गुरुवारी सकाळी मी सगळा लेख परत लिहिला. त्यात ट्रम्पेटवाल्याचं नाव, सॅक्सोफोनवाल्याचं नाव, बासवाल्याचं नाव, ड्रमवाल्याचं नाव, सगळ्यांची नावं. पियानोवाल्याचं नाही. फेरिस नाही, ओपल नाही, 'तो' नाही, 'ती' नाही. नुसता पियानो. पियानो म्हणाला बसा, पियानोला घाई नव्हती, पियानोनं चौघांना शहाणं केलं. जणू वाजवायला कोणी नव्हतंच, वाद्य आपणहून देवाचं नाव घेत होतं.

स्वतः घेऊन गेले. स्लोकमसाहेबांनी वाचलं. चष्मा वर. पुन्हा वाचलं. चष्मा खाली. मी दाराकडं बघत होते, पळायला किती पावलं ते मोजत होते.

"मेब्री," म्हणाले, "नाव कुठंय?"

"नाव... मला माहीत आहे. पण देणार नाही."

हे मी म्हटलं! मी! म्हटल्यावर स्वतःच्या आवाजाला दचकून त्यांच्या टेबलावरची शाईची दौत पाडली.

ते शाई टिपता टिपता सावकाश म्हणाले, "केवढा माज आहे ह्यात! एवढी तारीफ करायची आणि पियानोवाल्याचं नावच घ्यायचं नाही. हे फक्त तीस वर्षं मुरलेला माणूसच करू शकतो. मेब्री, पान तुझं!"

मी आनंदानं मटकन खाली बसले. खुर्ची थोडी बाजूला होती.

"पण आता तरी पूर्ण नाव घालाल ना? लिऑन्टीन?"

"छे छे! वाचकांना आता मेब्रीची सवय झालीय. कशाला गोंधळ?"

अंक आला. बाहेर एकच चर्चा, मेब्रीनं फेरिसचं नाव गाळलं, नक्की दोघांचं जुनं वैर आहे. व्हिटलॉक म्हणे पाठ वळवून म्हणाले, "मेब्रीला मी ओळखतो, फार खडूस म्हातारा!" आणि माझ्या सदराच्या डोक्यावर काय चित्र छापलंय माहितीय? एक हॅट आणि एक पाइप! मी पाइप ओढत नाही. धूर दिसला तरी खोकते.

तरी मी खूश होते हो. सदर माझं होतं, ऑर्गन ओपलबाईंचा होता. त्यांनी फोन करून सांगितलं, "चारदा वाचलं. लूशस विचारतोय, माझं नाव का नाही? म्हटलं, तुझी दाढ छापायची होती का?"

तर परवाचा रविवार. चार वाजले. मी 'पेलिकन'च्या दारात, आणि माझ्या पुढं रांगेत पांढरी टोपी. सायरसनं तिला विचारलं, "बाई, कोणाबरोबर आलात?"

"लूशस फेरिसबरोबर."

"या, या. आणि पोरी, तू? साहेब मागून?"

"मागून," म्हटलं.

दोघींना खांबामागं बसवलं. मंचावर फेरिस, दाढ बरी झालेला. वाजवायला लागला. ओपलबाईंनी सरबत ढवळता ढवळता माझ्याकडं बघितलं.

"घाई करतोय."

"हो ना."

"लिहिशील?"

"मेब्रीसाहेब लिहितील," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी तोंडावर रुमाल धरून हसलो, तर सायरस तिथं येऊन उभा. मी दचकले. सरबत सांडलं.

"काय पोरी, अजून आले नाहीत का गं साहेब? मालकांनी मुद्दाम त्यांच्यासाठी राखून ठेवलंय बघ!" आणि त्यानं खांबापलीकडं बोट दाखवलं. मान वाकडी करून बघितलं, तर अगदी पुढं, पियानोच्या समोर, एक टेबल. पांढरं कापड, फुलं, दोन रिकाम्या खुर्च्या आणि उभं कार्ड: श्री. एल. मेब्री, फक्त त्यांच्यासाठी.

ओपलबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "जा की गं! तुझंच आहे!"

मी उठले. खरंच उठले! दोन पावलं टाकली. तेवढ्यात मंचावर झांज वाजली... आणि काय सांगू तुम्हाला, मी परत येऊन खुर्चीत बसले. म्हटलं, राहू दे. ते अजून पोचलेले नाहीत, आणि त्यांच्या आधी मी त्यांच्या जागेवर जाऊन बसले, तर... बरं दिसत नाही हो!